तुरळक ठिकाणी

फाल्गुन उतरणीला लागतो, होळीची राख अजून चौकाचौकांतून उडत असते, आणि शाळेत परीक्षांची व रानात सुगीची अशी दुहेरी घाई घराघरांत चाललेली असते. अशा दिवसांत संध्याकाळच्या बातम्यांच्या शेवटी हवामानाचे जे दोन-तीन वाक्यांचे निवेदन येते, ते मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकले आहे, की आरतीच्या कडव्याप्रमाणे त्याचे शब्द कानांवरून जातात आणि अर्थ उंबऱ्याबाहेरच थांबतो. मध्य महाराष्ट्रात व मराठवाड्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पावसाची शक्यता आहे, कोकणात सकाळच्या वेळी धुके राहील, विदर्भात एक-दोन ठिकाणी गारा पडतील, एवढे सांगून निवेदिका नमस्कार करते आणि गाणी सुरू होतात. ज्याची पोती भरून घरात आली आहेत तो गाणी ऐकतो. ज्याचा गहू कापून रानात आडवा पडला आहे, तो मात्र उठून अंगणात येतो, पूर्वेकडे पाहतो आणि त्या निवेदनातल्या एकाच शब्दाशी मनातल्या मनात झटापट करीत उभा राहतो. तो शब्द ‘तुरळक’. तुरळक म्हणजे कुठे? आणि त्या तुरळकात आपले रान आहे की नाही?

गेल्या फाल्गुन-चैत्रात मी या एका शब्दाच्या मागे कोकणापासून बुलढाण्यापर्यंत हिंडलो. निमित्त अगदी घरगुती होते. जुन्या वाड्याच्या माळ्यावरचा पसारा उतरवताना आजोबांची एक लांबट, लाल पुठ्ठ्याची वही हाती लागली. आजोबा तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते, आणि जमाबंदी, तगाई, फेरफार यांच्या दप्तरांबरोबरच कचेरीच्या आवारातला पर्जन्यमापकही त्यांच्याच हवाली होता. तारेच्या कुंपणात पुरलेले ते पाच इंच व्यासाच्या तोंडाचे धातूचे नळकांडे, त्याच्या पोटातली बाटली आणि खुणा कोरलेला काचेचा मापनळा, एवढाच तो सारा सरंजाम. रोज सकाळी साडेआठ वाजता आजोबा तेथे जात, बाटलीतले पाणी मापनळ्यात ओतत, डोळा पाण्याच्या पातळीशी आणण्यासाठी धोतर सावरून उकिडवे बसत आणि आकडा उच्चारत. तो आकडा सरकारी नोंदवहीत जाई, आणि त्याची एक प्रत, का कोण जाणे, या घरच्या वहीत. आरंभीची पाने इंच आणि सेंट यांत आहेत, पुढची मिलिमीटरमध्ये.

या वहीवरून आमच्या घरात एक जुना वाद होता. आजी शपथेवर सांगे, की अमुक साली ऐन पाडव्याला, गुढी उतरवण्याच्या वेळी, वळीव कोसळला आणि गुढीचे रेशमी वस्त्र भिजून त्याचा रंग साखरेच्या गाठीला लागला. आजोबांच्या वहीत पाडव्यासमोर पूज्य आणि द्वितीयेसमोर पाऊस. आजी म्हणे, माणसाने डोळ्यांनी पाहिलेले खरे की नळकांड्याने सांगितलेले? दोघेही खरे होते. हवामानशास्त्रात पावसाचा दिवस सकाळी साडेआठला उजाडतो. त्या क्षणापूर्वीच्या चोवीस तासांत जे पाणी साचले, ते मोजल्या दिवसाच्या नावावर चढते. वळीव हा जात्या दुपारनंतरचा, संध्याकाळचा पाऊस असल्यामुळे सरकारी दप्तरात तो बहुधा दुसऱ्या दिवशीच पडतो. आजीचा मात्र या खुलाशाने कधीच संतोष झाला नाही.

‘तुरळक’ या शब्दालाही असाच एक दप्तरी अर्थ आहे, हे मला फार उशिरा कळले. भारतीय हवामान खात्याने देशाचे ३६ उपविभाग पाडले आहेत, त्यांपैकी चार आपल्या वाट्याला येतात. कोकण व गोवा हा एक, मध्य महाराष्ट्र हा दुसरा, मराठवाडा तिसरा, विदर्भ चौथा. नंदुरबारपासून कोल्हापूर-सोलापूरपर्यंतचे दहा जिल्हे एकट्या मध्य महाराष्ट्रात मोडतात. सातपुड्याच्या पायथ्याचा केळीवाला आणि पंचगंगेकाठचा ऊसवाला हवामानाच्या लेखी एकाच गावचे. अशा उपविभागातील जितक्या केंद्रांवर पाऊस मोजला जातो, त्यांपैकी चौथ्या हिश्श्यापर्यंतच्या केंद्रांवर तो पडणार असेल तर ‘तुरळक ठिकाणी’ म्हणायचे. चौथ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत ‘काही ठिकाणी’, निम्म्याहून अधिक पण पाऊण हिश्श्याच्या आत असेल तर ‘बऱ्याच ठिकाणी’, आणि त्यापुढे ‘बहुतांश ठिकाणी’. म्हणजे ज्याला आपण निवेदनाची मोघम भाषा समजतो, ती वास्तविक अपूर्णांकांची भाषा आहे. या अपूर्णांकात एकच उणीव राहते. शंभरांपैकी वीस केंद्रे भिजणार हे तो सांगतो. कोणती वीस, याविषयी मौन पाळतो. आणि शेतकऱ्याला जे हवे असते ते नेमके त्या मौनाच्या पोटात असते.

पुण्यात शिवाजीनगरला ‘सिमला ऑफिस’ म्हणून जो थांबा आहे, त्याचे नाव पुणेकर रिक्षावाल्याला रोज सांगतो, पण पुण्यात सिमला कोठून आले याचा विचार क्वचितच करतो. हवामान खात्याची स्थापना १८७५ ची, कलकत्त्याची. त्याचे मुख्यालय १९०५ मध्ये सिमल्यास गेले, १९२८ मध्ये ते पुण्यास या मनोऱ्याच्या इमारतीत आले, आणि १९४४ मध्ये दिल्लीस निघून गेले. पुण्यात ते उणीपुरी सोळा वर्षे नांदले, पण नाव लावून गेले ते सिमल्याचे! मुख्यालय गेले तरी पुण्याचे आकाशाशी जुळलेले सूत तुटले नाही. अ‍ॅना मणी १९४८ मध्ये येथेच उपकरणांच्या विभागात रुजू झाल्या, आणि जी यंत्रे पूर्वी विलायतेहून आणावी लागत ती देशात घडवण्याच्या कामी त्यांनी आयुष्य वेचले. १९६२ मध्ये उष्णकटिबंधीय हवामानाच्या संशोधनाची संस्थाही पुण्यातच स्थापन झाली. मुंबईत कुलाब्याची वेधशाळा १८२६ पासूनची. आज कोकण, मध्य महाराष्ट्र आणि मराठवाडा यांचा अंदाज मुंबईहून निघतो, विदर्भाचा नागपूरहून.

परंतु अंदाज जेथून निघतो त्यापेक्षा तो जेथे पोहोचतो ती ठिकाणे मला अधिक पाहायची होती, म्हणून प्रथम कोकणात उतरलो.

दाभोळच्या खाडीकाठच्या एका वाडीत मी मुक्काम केला त्या पहाटे धुके इतके दाट होते, की ओटीवरून अंगणातली तुळस दिसत होती आणि तुळशीपलीकडचे जग नाहीसे झाले होते. हजार मीटरपलीकडचे दिसेनासे झाले की शास्त्राच्या भाषेत धुके. दोनशेच्या आत आले की दाट धुके. पन्नासाच्याही आत आले की अति दाट. माझ्यापुढचे त्या दिवशी शेवटच्या इयत्तेतले असावे. माडाच्या झावळ्यांवरून थेंब टपटपत होते, म्हणून पाऊस पडतो आहे असे वाटून मी हात पुढे केला. हात कोरडाच राहिला. दिवसा खारे वारे समुद्रावरून दमटपणा आत आणतात, रात्री आभाळ निरभ्र असले की जमीन आपली उष्णता उघड्या आकाशात उधळून टाकून थंड पडते, डोंगरउतारावरून गार हवा खाडीच्या खोलगट भागात उतरून साचते, आणि वारा पडलेला असला की तो दमटपणा जागच्या जागी गोठल्यासारखा धुके होऊन बसतो. माघ-फाल्गुनात, थंडी पुरती गेलेली नाही आणि समुद्राचा ओलावा येऊ लागला आहे अशा सांध्यावर, हे वरचेवर घडते.

यजमान बागायतदार होते, सत्तरीच्या पुढचे. वाडीत सारे त्यांना आबा म्हणत, म्हणून मीही तेच म्हणू लागलो. ते मला एका हापूसच्या कलमाखाली घेऊन गेले. अर्ध्या फांद्यांवर सुपारीएवढी फळे धरली होती, अर्ध्यांवर उशिराचा मोहोर. त्यांनी मोहोराचा एक तुरा अलगद वाकवला आणि दुसऱ्या हाताच्या पंज्यावर झटकला. पंज्यावर चार-पाच करडे, पाचरीच्या आकाराचे कीटक क्षणभर थबकले आणि तिरक्या उड्या मारीत नाहीसे झाले. तुडतुडे. मग त्यांनी एक पान माझ्या बोटांत दिले. ते चिकट लागले. तुडतुड्यांच्या त्या चिकट रसावर पुढे काळी बुरशी चढते, ओल्या मोहोरावर करपा आणि भुरी येते, आणि जो मोहोर दोन दिवसांपूर्वी घमघमत होता तो तपकिरी होऊन हातात चुरतो. आबा म्हणाले, “पाऊस येतो तो निदान वाजत येतो हो. हे धुकं रात्री मुकाट येऊन बसतं नि सकाळी जाताना फवारणीचं बिल ठेवून जातं.” मग थोडे थांबून, “आणि रेडिओ सांगतो काय, तर कोकणात धुके राहील! राहील म्हणजे, पाहुणा आहे का तो?”

परतताना मी खाचरांच्या कडेने चालत होतो. एका उघड्या खाचरावर धुक्याची पातळ चादर जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर तरंगत होती आणि तिच्याखालून भाताची सुकलेली बुडखे स्पष्ट दिसत होती. पूर्वी मी याकडे शोभेची गोष्ट म्हणून पाहिले असते. पण पुण्याच्या वेधशाळेशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या एल. ए. रामदासांविषयी वाचले होते. निरभ्र, निवांत रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला अगदी चिकटून असावी, ही सामान्य तर्काला पटणारी गोष्ट. शास्त्रज्ञही तसेच मानीत. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी १९३२ मध्ये असे दाखवून दिले, की उघड्या जमिनीवर अशा रात्री सर्वांत थंड थर मातीला टेकलेला नसतो, तो जमिनीपासून काही इंच ते हातभर उंचीवर असतो. कित्येकांनी ही मोजमापातली चूक ठरवली. पटण्याजोगी उपपत्ती पुढे आली ती साठ वर्षांनी, १९९३ मध्ये, बंगळुरूच्या वासुदेव मूर्ती, श्रीनिवासन आणि रोद्दम नरसिंह यांच्याकडून. शेतकऱ्यांसाठी हवामानशास्त्र ही कल्पना या देशात रुजवणाऱ्यांत रामदास अग्रगण्य होते. हवेचे निदान करताना त्यांनी ढगांइतकेच पिकाच्या कंबरेएवढ्या उंचीवरच्या हवेकडे पाहिले, हे मला फार मोलाचे वाटते; कारण ज्वारीचे कणीस आणि आंब्याचा मोहोर राहतो तो त्या थोड्याशा उंचीवर, वेधशाळेच्या मनोऱ्यावर नव्हे.

घाट चढून देशावर आलो की ऋतू बदलतो. येथे धुक्याचे राज्य संपून वळवाचे सुरू होते. वळीव कसा घडतो, हे सांगायचे तर वसंतातल्या दोन वाऱ्यांच्या भाऊबंदकीची हकिकत सांगावी लागेल. राजस्थान-गुजरातेकडून कोरडे, तापलेले वारे वायव्येकडून येतात. बंगालच्या उपसागरावर हवेच्या अधिक दाबाचे जे क्षेत्र असते त्याला वळसा घालून दमट वारे आग्नेयेकडून येतात. विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकाच्या अंतर्भागावरून खाली दक्षिणेपर्यंत एक रेषा अशी असते, की जिच्या दोन अंगांना हे दोन वारे एकमेकांना भिडतात. वृत्तपत्रांतून ‘हवेच्या कमी दाबाचा पट्टा’ म्हणून जिचा उल्लेख येतो ती हीच. बांधावरून भांडणाऱ्या भावांप्रमाणे ही रेषा रोज थोडी इकडे, थोडी तिकडे सरकते. ज्या दुपारी आपण तिच्या ओल्या अंगाला असतो त्या दुपारी जमीन भाजून निघते, दमट हवा फुग्यासारखी वर उठते, दोन-तीन तासांत ढगाचा माथा बारा-पंधरा किलोमीटर उंचीवर जाऊन लोहाराच्या ऐरणीसारखा चपटा पसरतो, आणि मग त्याच ढगाच्या पोटातून थंड हवेचा लोंढा खाली कोसळून फरशीवर ओतलेल्या पाण्याप्रमाणे चहूकडे धावतो. वळवाआधी जो सोसाट्याचा गार वारा धूळ, पाचोळा आणि गोठ्यांचे पत्रे उधळीत येतो, तो हाच लोंढा. असा एक ढग काही कोसांचा असतो आणि तास-दीड तासात आटोपतो. म्हणूनच असल्या पावसाने बैलाचे एक शिंग भिजते आणि दुसरे कोरडे राहते, असे खेड्यांतून सांगतात. चौथ्या हिश्श्याच्या अपूर्णांकाहून हे मोजमाप मला अधिक अचूक वाटते.

हाच पाऊस बंगालात काळबैसाखी होऊन येतो. कर्नाटकात कोडगूचा कॉफीवाला याच सरींची चातकासारखी वाट पाहतो, कारण त्या वेळेवर पडल्या तरच त्याचे झुडूप फुलते. आणि त्याच सरी आमच्या तासगावच्या माणसाचा घास काढून घेतात.

तासगाव, कवठे महांकाळ, जत या बाजूला चैत्रात गेले म्हणजे उघड्या माळांवर हिरव्या जाळीच्या लांबलचक शेडी दिसतात. त्यांच्या आत तारेच्या जाळ्यांचे मजले, एकावर एक, आणि प्रत्येक मजल्यावर बी नसलेल्या द्राक्षांचे घड पसरलेले. घड आधी द्रावणात बुडवून काढतात, म्हणजे मण्याच्या सालीवरचे मेणाचे पातळ कवच सैल होते आणि पाणी लवकर उडते. कोरड्या वाऱ्यात पंधरा-वीस दिवसांत द्राक्षाचा बेदाणा होतो. सारा धंदा हवेच्या कोरडेपणावर उभा. मी गेलो त्या दुपारी शेडीचा मालक, चाळिशीचा गृहस्थ, बाजेवर मोबाईल उपडा टाकून बसला होता. “पाव्हणं, सकाळधरनं चार मेसेज आले. चारीत ‘तुरळक’. आता बगा,” आणि त्याने आग्नेयेकडे हात केला. तिकडे निळसर काळा ढग उभा होता आणि त्याच्या बुडातून पावसाचा करडा पडदा जमिनीपर्यंत लोंबत होता. गडी ताडपत्र्या आणि प्लास्टिकचे कागद घेऊन धावत होते, बायका खालच्या मजल्यावरचा तयार माल पाट्यांत भरत होत्या, आणि एक पोरगे शेडीच्या टोकाला दोरीच्या गाठीशी झोंबत होते. बेदाणा भिजला तर सडण्याआधी काळा पडतो, आणि काळ्याला हिरव्या-पिवळ्याचा भाव येत नाही. गार वारा आला, चार टपोरे थेंब धुळीत उमटले. मग तो पडदा आमच्या डोळ्यांदेखत, ओढ्यापलीकडच्या वस्तीवरून, उत्तरेकडे सरकत निघून गेला. मालकाने सुटकेचा निःश्वास टाकला नाही. तो ओढ्यापलीकडे पाहतच राहिला. तिकडची शेड त्याच्या चुलतभावाची होती.

मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी विद्यापीठांकडून हवामानाधारित सल्ला निघतो, राहुरी, दापोली, परभणी आणि अकोला येथून आपापल्या भागापुरता. काढणी केलेला माल सुरक्षित ठिकाणी ठेवावा, हे त्यातले नेहमीचे वाक्य. सल्ला खराच आहे. पण दोन खणांच्या घरात सात माणसे आणि चार शेळ्या राहतात, तेथे वीस क्विंटल गव्हाला सुरक्षित ठिकाण कोणते, हे लिहायला त्या कागदावर जागा नसते.

आमच्या भाषेत गव्हा-हरभऱ्याच्या हंगामाला ‘रब्बी’ म्हणतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ वसंत. मुसलमानी अमदानीतल्या महसुली दप्तरांनी हा शब्द आमच्या रानांत आणून पेरला, आणि तो इतका रुजला, की जो कुणबी ‘वसंत ऋतू’ हे शब्द उभ्या आयुष्यात उच्चारीत नाही, तोही वर्षातून शंभर वेळा वसंताचे नाव घेतो. काव्यातला वसंत कोकिळेचा आणि दप्तरातला वसंत वसुलीचा. गारपीट या दोहोंनाही जुमानीत नाही.

गार घडते ती उंचावर. या दिवसांत जमिनीपासून साडेचार-पाच किलोमीटरवर गोठणबिंदूची पातळी असते. ढगातला वर जाणारा झोत जोरकस असला तर पाण्याचे थेंब त्या पातळीपलीकडे फेकले जातात, आणि बर्फाच्या कणावर थरावर थर चढत कांद्यासारखी गार पोसत जाते, ती झोताला पेलेनाशी होईपर्यंत. वर उत्तरेकडून पश्चिमी विक्षोभाची थंड हवा आली असेल तर हा कारखाना जोरात चालतो. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत तो जवळजवळ अखंड चालला. मराठवाडा, विदर्भ, मध्य महाराष्ट्र, सगळीकडे गारा. एक दिवस नव्हे, दिवसांमागून दिवस. शेते पांढरी झाल्याची छायाचित्रे तेव्हा आपण सर्वांनी पाहिली. उभा गहू लोळला, मोसंबीच्या फांद्या सोलल्या गेल्या, द्राक्षांचे मांडव भुईसपाट झाले, झाडांवरचे पक्षी मरून पडले. त्यातच लोकसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता लागलेली, त्यामुळे मदतीच्या घोषणेचा मार्गही आयोगाच्या दारावरून जाई.

गारपिटीनंतर जे होते त्याला पंचनामा म्हणतात. गावाचा तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक असे तिघे बांधावर येतात, गट नंबर, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, पीक, आणि मग तो निर्णायक रकाना, नुकसानीचे शेकडा प्रमाण. पूर्वी निम्मे पीक गेल्याखेरीज मदत नसे. २०१५ पासून ही अट ३३ टक्क्यांवर आली. जालना जिल्ह्यातल्या एका गावी असा पंचनामा चालू असताना मी बांधावर उभा होतो. पीक उन्हाळ कांद्याचे. पात गारांनी चिंध्या होऊन लोळत होती, पण भुईतला कांदा उपसून पाहिला तर वरून गोल, गुलाबी, धडधाकट. तरुण तलाठ्याने कांदा हातात फिरवला. लिहावे तरी काय? शेतकरीण म्हणाली, “भाऊ, आज चांगलाच दिसंल तो. चाळीत घाला अन् जेठात या वास घ्यायला.” पात मोडलेल्या कांद्याची मान नीट वाळत नाही, आत ओल राहते आणि दोन महिन्यांनी चाळीतच तो सडतो, हे तिथल्या चौघांनाही ठाऊक होते. जेठातल्या वासाला मात्र पंचनाम्यात रकाना नाही. तलाठ्याने बराच वेळ पेनाचे टोपण चावले, कृषी सहायकाकडे पाहिले, आणि काहीतरी आकडा घातला. मी डोकावलो नाही.

आता महसूल मंडळागणिक स्वयंचलित केंद्रे बसली आहेत, राज्यात दोन हजारांहून अधिक, आणि फळबागांच्या विम्याची भरपाई त्यांच्या आकड्यांवर ठरते. तालुक्याच्या एका नळकांड्याशी तुलना करता ही प्रगती मोठीच. तथापि एका मंडळात वीस-पंचवीस गावे असतात, आणि वळवाच्या ढगाला मंडळाची हद्द दाखवणारा नकाशा अजून कोणी दिलेला नाही.

विजेविषयी थोडेच लिहितो. वसंतात विजेने माणसे मरतात ती बहुतेक रानात, आणि पुष्कळदा झाडाखाली, कारण पावसात झाडाकडे धावणे हा हजारो वर्षांचा स्वभाव आहे. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानसंस्थेने ‘दामिनी’ नावाची जी मोबाईलची सोय केली आहे, ती आसपास वीज पडत असल्याचा इशारा देते. ज्याच्याकडे मोबाईल नाही त्याला लखलखाट आणि गडगडाट यांमधले अंतर मोजता येते, दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तासगावच्या त्या शेडीतले पोरगे मोजत होते. सहापर्यंत आले आणि त्याने दोरी टाकून आत धूम ठोकली. त्याचे गणित बरोबर होते.

शेवटचा मुक्काम बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी तेथे गावाबाहेरच्या शेतात घटाची मांडणी होते. मधोमध खड्डा, त्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यावर पाण्याची घागर, वर पापड, करंजी, आणि भोवती वर्तुळात धान्यांच्या राशी. रात्रभर तेथे कोणी फिरकत नाही. पहाटे कोणते ढेकूळ किती भिजले, कोणते धान्य किती विखुरले यावरून पीकपाण्याचे भाकीत सांगतात, आणि आसपासच्या जिल्ह्यांतून आलेले शेतकरी ते ऐकतात. विज्ञानवादी मंडळी यावर टीका करतात, ती योग्यच आहे. मातीचे ढेकूळ ओले होण्याशी भाद्रपदाचा संबंध कोणी लावून दाखवलेला नाही. वराहमिहिराने बृहत्संहितेत मेघांची गर्भधारणा सांगून १९५ दिवसांनी प्रसव सांगितला, पाडव्याच्या पंचांगात पावसाचे आढे येतात, नक्षत्रांना बेडूक, उंदीर, गाढव अशी वाहने मिळतात. भेंडवळ त्याच वंशातले. पण पहाटे मी तेथे उभा असताना माझे लक्ष घागरीपेक्षा माणसांकडे गेले. ‘साधारण’, ‘बरा’, ‘कुठे कमी, कुठे जास्त’ असे शब्द सांगणाऱ्याच्या तोंडून पडत होते, आणि प्रत्येक शब्दासरशी ऐकणाऱ्याच्या ओठांची हालचाल होई. तो आपापल्या गटाचा नंबर त्या शब्दाला लावून पाहत होता. मुंबईच्या निवेदनातला ‘तुरळक’ ऐकून अंगणात उठून येणारा माणूस तो हाच. फरक एवढाच, की मुंबईचा शब्द चुकला तर दुसऱ्या दिवशी तो पडताळून पाहता येतो, आणि पडताळणारे दप्तर तेथे रोज उघडते. म्हणून दोहोंतून निवड करायची वेळ आली तर मी कुरकुरत मुंबईचाच शब्द घेईन.

घरी आल्यावर आजोबांची वही पुन्हा काढली. पाडव्याच्या वादाचे पान शोधता शोधता एका वैशाखाची पाने लागली. महिनाभर रकान्यात त्यांचा वळणदार, एकसारखा ‘निरंक’. त्या वर्षी तालुक्याच्या ठिकाणी वळवाचा थेंब पडला नव्हता, असे कोणीही समजावे. मात्र एका तारखेसमोर, शाईच्या ‘निरंक’च्या बाहेर, समासात, शिसपेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिले आहे: पूर्वेस रात्रभर गडगडाट. तीन गावांचे पाटील सकाळी कचेरीत आले. गारा लिंबाएवढ्या.

तारखेच्या रकान्यात खाडाखोड नाही. नळकांड्यात पाणी नव्हते.